गिधाडांची पंगत

गिधाडं सावरकोंडात परत आली, आणि गावाला कासाऱ्यांची आठवण झाली.

खरं तर आठवण व्हायला आधीही पुष्कळ निमित्तं होती. चाळीस वर्षं ज्या आभाळात एक गिधाड दिसलं नव्हतं, तिथे त्यांना परत आणणाऱ्या प्रकल्पाची पशुवैद्य उत्पला कासारे ही याच गावच्या बौद्धवाडीतली. पिंजऱ्यात वाढलेल्या पक्ष्यांना उघड्या वाऱ्यावर तिने सोडलं. देवराईतल्या उंच बेहड्यावर पहिल्या जोडीने काटक्या रचायला सुरुवात केली, तेव्हा दुर्बिणीला डोळा लावून तीच बसली होती. अंडं फुटून राखाडी लोकरीचा गोळा हलला, तेव्हा रडलीही तीच. पेपरात फोटो मात्र आला सरपंच जितेंद्र सुर्व्यांचा, बेहड्याखाली, गळ्यात हार घालून. उत्पलाही होती त्या फोटोत. हाराच्या मागे, अर्धी.

घरट्याची बातमी पसरली आणि माणसांची रीघ लागली. सावरकोंडातल्या घरांना पाहुण्यांच्या खोल्या फुटल्या, अंगणाअंगणात ‘गिधाड दर्शन’च्या पाट्या लागल्या. बौद्धवाडीतली पोरंही गाईडचं काम मागायला गेली. तेव्हा गावकीने काय करावं? शिमग्याला पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर बसलेली असताना देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणंच घातलं. सुर्व्यांनी स्वतःच्या तोंडाने, खणखणीत आवाजात.

“बा देवा म्हाराजा, ह्या गिधाडांचा जो काय मान असंल, जा काय काम असंल, बरा असो वायट असो, ता गावकीतल्या घरांचा. गावकीभायेरचा हात त्येला लागू देनार नाय, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळं गाव एका सुरात ओरडलं.

बौद्धवाडी गावकीत नव्हती. धर्म बदलला तेव्हाच ती बाहेर पडली होती, आणि गावकीने हुश्श केलं होतं. पोरं मुकाट परत आली. उत्पलाने त्या दिवशी दात-ओठ खाल्ले आणि पक्ष्यांकडे पाहून गप्प बसली. पक्ष्यांकडे पाहून गप्प बसायची तिला सवयच लागली होती म्हणा ना.

गिधाडं का गेली होती हे आता शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. गुराचा पाय सुजला, कास दुखली, की डायक्लोफेनॅक नावाचं स्वस्त वेदनाशामक टोचलं जाई. ते जनावर पुढे मेलंच तर औषध मांसात शिल्लक राही. ते मांस खाल्लेल्या गिधाडाची मूत्रपिंडं बंद पडत, रक्तातलं युरिक आम्ल बाहेर जाईना, त्याचा पांढरा चुना काळजावर आणि यकृतावर साचे, आणि पक्षी फांदीवर बसल्या बसल्या मान टाकी. औषधावर बंदी आली. पण बंदी घातली म्हणून चोरटी विक्री थांबते असं आपल्याकडे कधी झालंय? शेवटी पुण्यातल्या काही संशोधकांनी उलट्या बाजूने विचार केला. अमेरिकेतल्या एका जातीच्या गिधाडाला हेच औषध फारसं बाधत नाही. त्याच्या यकृतातलं एक विकर औषधाचे तुकडे करून टाकतं, असं त्यांना सापडलं. त्या विकराचा जनुक त्यांनी आपल्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडाच्या बीजपेशींत बसवला. त्यातून जन्मलेल्या पक्ष्यांना विषारी मांसही पचू लागलं.

औषधाचा विचार झाला होता, जनुकाचा झाला होता, घरट्याच्या झाडांचाही झाला होता. विचार झाला नव्हता तो कातड्याचा.

गिधाडाची चोच मांस ओढायला बनलेली असते, बैलाचं कातडं फाडायला नाही. पूर्वी ते काम राजगिधाड करी, तरस करी, कोल्ही-कुत्री करत. राजगिधाड संपलं होतं, तरस गेलं होतं, आणि कुत्र्यांना पिसाळण्याच्या भीतीने विजेच्या कुंपणाबाहेर ठेवलं होतं. पहिली दोन वर्षं शीतगृहाच्या ट्रकमधून सोललेलं मांस आलं. मग ठरल्याप्रमाणे ट्रक थांबला, कारण पक्ष्यांनी गावातल्या मेलेल्या गुरांवरच जगायला हवं होतं. आजवर गावात जनावर मेलं की पंचायतीचा जेसीबी खड्डा काढून पुरून टाकी. आता पुरायला मनाई झाली. मेलेलं जनावर डोंगराच्या सोंडेवरच्या मैदानात ठेवायचं. गाव त्या मैदानाला खानावळ म्हणे.

खानावळीत जेवण वाढलेलं, आणि पाहुणे भोवती उपाशी बसलेले! कातड्यासकट ठेवलेली गाय तिसऱ्या दिवशीही फुगून तशीच पडली होती, पक्ष्यांनी फक्त डोळे आणि जीभ तेवढी खाल्ली होती. उत्पलाने मग स्वतः एक वासरू सोलून ठेवून पाहिलं. तासाभरात हाडं उरली. तिने अहवालात तसं लिहिलं, आणि खाली सुचवलं की सोलण्याचं छोटं यंत्र घ्यावं.

यंत्राचं वाक्य कुणी वाचलं नाही. सोलण्याचं मात्र सगळ्यांनी वाचलं.

प्रकल्पाचे प्रमुख डॉ. हेमंत पेंढारकर पुण्याहून आले ते खुशीतच. भला माणूस. सगळ्यांना अहो-जाहो करणारा, बौद्धवाडीत चहा आवर्जून पिणारा. पंचायतीत कालच लागलेल्या जाहिरातीचा कागद त्यांनी टेबलावर सरकवला.

“‘निसर्गदूत’ असं पदनाम दिलंय मी. कायमची नोकरी, निवृत्तिवेतनासकट. कसं वाटतं?”

उत्पलाने वाचलं. मृत जनावरांची हाताळणी, कातडी काढणे, वगैरे. आणि खाली, ‘हे काम परंपरेने करत आलेल्या समाजातील उमेदवारांस प्राधान्य’. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“सर, हे प्राधान्य कोणी घातलं?”

“मी. अहो, पारंपरिक ज्ञान आहे हे! त्याला आपण आज सन्मान देतोय.”

“माझ्या पणज्याने सुरी टाकली, त्यालाही ऐंशी वर्षं होऊन गेली. माझ्या वडिलांनी एसटीच्या डेपोत इंजिनं खोलली. ज्ञान म्हणाल तर त्यांना गिअरबॉक्सचं आहे.”

“तुम्ही व्यक्तिगत घेताय, उत्पला.”

“जाहिरातीत माझी जात छापलीय, सर. मी ती व्यक्तिगत नको घेऊ तर कशी घेऊ?”

पेंढारकरांचा चेहरा दुखावला. भल्या माणसांचा चेहरा फार लवकर दुखावतो. ते हळू आवाजात म्हणाले, “सुर्वे म्हणत होते, की तुमच्या लोकांनी काम सोडलं तेव्हापासूनच गिधाडं कमी व्हायला लागली. गावात तशी समजूत आहे. मी म्हणत नाही तसं, पण—”

“मग खोडून का नाही काढलंत? आमच्या लोकांनी सुरी टाकल्यावर चाळीस वर्षं गिधाडं होती इथे. बाबांनी लहानपणी त्याच बेहड्यावर पाहिलीत. गिधाडं मेली इंजेक्शनने. हे तुमच्याच पुस्तकात लिहिलंय. आणि यंत्राचं काय झालं?”

“उतारावर नेणं अवघड आहे. शिवाय गावातच माणसं असताना...”

“प्राधान्य काढून टाका. सगळ्यांना खुली ठेवा.”

“मग अर्ज कोण करेल?”

हा प्रश्न त्यांनी इतक्या निरागसपणे विचारला की उत्पलाने कागद त्यांच्याकडे परत सरकवला. ती उठून बाहेर आली, आणि जीपच्या टपावर हात आपटला. तिचा भाऊ सुगत प्रकल्पाची जीप रोजंदारीवर चालवायचा. त्याने दचकून पाहिलं.

“ताई, मला सांगायचं होतं तुला. मी भरलाय तो अर्ज.”

घरी बाबांच्या कानावर ते गेलं तेव्हा ते पंख्याची मोटर उघडून बसले होते. दामोदर कासारे सहसा आवाज चढवत नसत. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला.

“कसला अर्ज?”

“बाबा, कायमची नोकरी हाय. पेन्शन हाय. किती वर्सं मी हा रोजावर गाडी हाकू?” सुगत म्हणाला. “आणि चामड्याला काय जात असते? ताई नाय कापत जनावरं? तिला डॉक्टर बोलतात.”

“चामड्याला नसते,” उत्पला म्हणाली. “जाहिरातीला आहे.”

“तुला बोलायला काय जातंय? तुझी नोकरी लागलीय.”

हे खरं होतं, आणि म्हणूनच झोंबलं. उत्पला त्याच्या अंगावर धावूनच जाणार होती, पण बाबा बोलू लागले.

“आमचा आजा सुर्व्यांची गुरं ओढायचा. काम झालं की त्यांच्या मागल्या दारी जायचा, हात धुवायला. सुर्व्यांची म्हातारी वरून पाणी ओतायची. असं, हातभर वरून. भांड्याला हात लागता कामा नये. बाबासायबांचा शब्द आला तसा आजाने सुऱ्या उचलल्या आणि खाडीत नेऊन टाकल्या. गावाने मग त्याला वाळीत टाकला. त्याची दोन पोरं उपासात गेली, सुगत. पण खाडीत परत उतरला नाय तो.” त्यांनी पाना पुन्हा उचलला. “तुला उतरायचं असेल तर उतर. मला विचारू नको.”

सुगत ताट तसंच ठेवून उठला.

त्याच आठवड्यात सुर्व्यांचा बैल मेला. बैलगाडीच्या शर्यतीतला होता, देखणा. ट्रॅक्टरला दोर बांधून तो खानावळीत नेऊन टाकला, आणि सुर्व्यांनी फोन केला.

“मॅडम, तुमच्या पोरांना पाठवा की. म्हंजे आपल्या... त्या निसर्गदूताला.”

“अजून कोणी नेमलेलं नाही.”

“अवो, नेमणूक कागदावर व्हईल मागनं. सुगत तयार हाय, मी इचारलंय त्याला. पिल्लू उपाशी ऱ्हाईल ना!”

पिल्लू उपाशी होतंच. बेहड्यावरच्या कॅमेऱ्यात ते दिसत होतं. आई येई, मान खाली करी, काही बाहेर पडेना. पिल्लू तिच्या चोचीला चोच मारमारून थकून आडवं होई. त्याची गळ्याखालची अन्नाची पिशवी, भरली की गोट्यासारखी फुगणारी, आता सुरकुतून गेली होती. फार तर आणखी दोन दिवस, हे पशुवैद्याला कोणी सांगायला नको.

दुपारच्या उन्हात उत्पला एकटीच खानावळीत गेली. बैल फुगला होता. भोवती ओळीने वीसेक गिधाडं बसली होती, पंगतीत पानं मांडून वाढपी यायची वाट बघावी तशी. तिच्या पिशवीत शवविच्छेदनाची सुरी होती. तिने ती काढली. पोटावरून एक सरळ छेद, मग पायांच्या आतल्या बाजूने. दोन तासांचं काम होतं तिच्या हाताला. प्रयोगशाळेत असे कितीतरी छेद तिने घेतले होते. पण आज सुरी कातड्यावर टेकली आणि तिथेच राहिली. आज तिने हे केलं की उद्या सुगत करील, परवा त्याचा पोरगा करील, आणि गाव म्हणेल, बघा, हे कसे बरोबर आपल्या कामाला लागले. एका गिधाडाने मान वाकडी करून तिच्याकडे पाहिलं. तिला त्याचा राग आला. बिचाऱ्या पक्ष्याचा! मग रागाचा खरा धनी कोण ते तिला आठवलं. सुरी तिने पिशवीत टाकली आणि तडक गावात निघाली.

त्या संध्याकाळी गावकी देवळाच्या सभामंडपात बसली होती. पेंढारकरही आले होते, त्यांना बसायला खुर्ची दिली होती. दिवसभर हॉर्न वाजवून थकलेल्या पाहुण्यांच्या गाड्या बाहेर उभ्या होत्या. पिल्लू मरणार की काय, हीच चर्चा. मंडपाच्या खांबाजवळ सुगत उभा होता, हाक मारली जायची वाट बघत.

उत्पला चपला काढून पायऱ्या चढली. कुजबुज झाली. तिने तिकडे लक्ष दिलं नाही.

“सरपंच, बैल तुमचा ना?”

“व्हय. पन त्याला आता—”

“मग सोला.”

मग कोणीतरी हसलं. सुर्वेही हसले. “काय मॅडम, गम्मत करता काय? आमच्या हाताला कसा जमंल? तुमच्याच लोकांचा हात तो, पयल्यापासना.”

“आमच्या लोकांचा हात लागू द्यायचा नाही असं ठरलंय.”

“कोनी ठरवला?”

“तुम्ही. याच देवापुढे नारळ ठेवून. गिधाडांचा मान गावकीचा, काम गावकीचं, बरं असो वाईट असो. गावकीबाहेरचा हात लागू देणार नाही. सगळ्यांनी व्हय म्हाराजा म्हटलंत. मी खाली रस्त्यावर उभी होते, आवाज वाडीपर्यंत आला.” तिचा आवाज आता चांगलाच चढला होता आणि तिने तो चढू दिला. “गाईडगिरी गावकीची. पाहुण्यांच्या खोल्या गावकीच्या. फोटोतला हार गावकीचा. आणि सुरी तेवढी आमची? देवाशी असला व्यवहार करता तुम्ही?”

“अवो, गाऱ्हान्याचा अर्थ तसा नवता—”

“मग देवापुढे परत गाऱ्हाणं घाला आणि मोडा ते. म्हणा, म्हाराजा, मान बौद्धवाडीलाही दिला, खोल्या दिल्या, गाईडचं काम दिलं, पालखीच्या सहाणेवर जागा दिली. आत्ता म्हणा. मग सुरीही वाटून घेऊ, घराघराला पाळी लावून. आमच्या घराची पाळी आली की मी स्वतः येईन.”

गाऱ्हाणं मोडायचं म्हणजे काय हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मोडलं तर वर्षभर गावात जे जे वाईट घडेल, ताप, साप, बुडालेली होडी, ते सगळं मोडणाऱ्याच्या नावावर. आणि त्याहून अवघड म्हणजे, मोडलं तर वाडीला वाटा द्यावा लागणार.

मानाच्या जागेवरचा म्हातारा, सुर्व्यांचा चुलता, घसा खाकरून म्हणाला, “जितू, गाऱ्हाना तूच घातलास. शब्द तुझा हाय. बैल बी तुझा हाय.”

“काका!”

“मी काय करू? व्हय म्हाराजा मी बी बोललोय.”

पेंढारकर मध्ये पडले. “हे बघा, सुगत तयार आहेत. आपण त्यांनाच विचारू ना.”

सगळ्यांनी खांबाकडे पाहिलं. सुगतने बहिणीकडे पाहिलं. तिला वाटलं तो आता पुढे येणार. त्याचा तो हक्कही होता. त्याने जीपच्या किल्ल्या एका हातातून दुसऱ्या हातात घेतल्या.

“मी गावकीभायेरचा,” तो म्हणाला. आणि पायऱ्या उतरून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जितेंद्र सुर्वे खानावळीत उतरले. अंगात प्रकल्पाचा पांढरा कोट, हातात कोपरापर्यंत रबरी मोजे, तोंडावर मुखपट्टी. सोबत दोन पुतणे, तेही तसेच. उत्पला कुंपणापाशी उभी राहिली. कुठून कापायचं एवढंच तिने सांगितलं, जसं कोणाही नवशिक्याला सांगितलं असतं. पण हात लावला नाही. पहिल्याच छेदाला पोटातला वायू फस्सकन सुटला. एक पुतण्या मुखपट्टी ओढून झाडामागे पळाला आणि ओकला. सुर्वे रडत होते की घामाने डोळे चुरचुरत होते, सांगता येत नव्हतं.

पेंढारकरांनी कॅमेरा काढला.

“फोटो नको!” सुर्वे किंचाळले. रक्ताळलेला मोजा त्यांनी तोंडासमोर धरला. “फोटो नको काढू, साहेब. पाया पडतो.”

“का?” उत्पला म्हणाली. “सन्मानाचं काम आहे ना, सर? काढा की फोटो.”

पेंढारकरांनी कॅमेरा हळूच खाली घेतला. त्या दिवशी पहिल्यांदा तिला त्यांच्याबद्दल थोडी आशा वाटली. पण थोडीच.

दुपार व्हायच्या आत कातडं निघालं. माणसं कुंपणाबाहेर आली तशी गिधाडं एकमेकांना ढकलत, फिस्कारत, पंख आपटत बैलावर तुटून पडली. तासाभराने बेहड्यावरच्या कॅमेऱ्यात आई दिसली. तिने मान वाकवली. पिल्लाने आख्खं डोकं तिच्या चोचीत घातलं, आणि उत्पला खडकावर बसून हुंदके देत बसली.

परतताना सुगत जीप चालवत होता. निसर्गदूताची कायमची नोकरी हातची गेली होती त्याची, ती काही बहिणीच्या भाषणाने परत येणार नव्हती. सुर्व्यांच्या घराच्या मागून रस्ता वळतो तिथे त्याने अचानक ब्रेक लावला.

“ताई. बघ.”

मागल्या दारी जितेंद्र सुर्वे उकिडवे बसले होते, कोट काढलेला, दोन्ही हात पुढे. पायरीवर त्यांची आई उभी होती. तांब्या तिने उंच धरला होता, हातभर वरून पाणी ओतत होती. त्यांनी चुकून हात वर केला तशी तिने तांब्या झटक्यात मागे घेतला. “लावू नको रं, लावू नको,” ती म्हणत होती. पोटच्या पोराला.

सुर्व्यांनी मान वर केली आणि त्यांना जीप दिसली. बराच वेळ कोणीच नजर काढली नाही. मग सुगतने गिअर टाकला.

घरी आल्यावर त्यानेच बाबांना सांगितलं. उभ्याउभ्याच, एका दमात. बाबा पंख्याची मोटर जोडत होते. ऐकताना त्यांचा हात थांबला.

“पिल्लाने खाल्लं?”

“खाल्लं,” उत्पला म्हणाली.

त्यांनी एक स्क्रू बसवला, पिळला. मग विचारलं, “साबण दिला का त्याला?”

सुगतला जरा आठवावं लागलं. “दिला. बाजूला ठेवला व्हता, वडीच्या वडी.”

“आमच्या आजाला राख द्यायचे,” बाबा म्हणाले, आणि दुसरा स्क्रू शोधू लागले.